युद्धखेळातील तोफखाना

युद्धखेळातील तोफखाना : मेजावर अथवा मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर सैन्याच्या लहान प्रतिकृती मांडून, ठरीव नियमांनुसार व बहुधा फाशांच्या साहाय्याने लढाईचे अनुकरण करण्याच्या खेळास युद्धखेळ म्हणतात. या खेळात पायदळ, घोडदळ व तोफखाना या तिन्ही दलांसाठी चाल, मारा, हानी व मनोधैर्य यांविषयी स्वतंत्र नियम असतात. त्यांपैकी तोफखान्याचे नियम पुनःपुन्हा बदलले गेले आहेत. तोफेचे रणांगणावरील सामर्थ्य केवळ तिच्या पल्ल्यावर अवलंबून नसते. गोलंदाज, ओढीची जनावरे, दारूगोळा, जमिनीचे स्वरूप आणि लगतचे पायदळ या सर्वांवर ते अवलंबून असते. यांपैकी कोणत्या घटकास किती महत्त्व द्यावयाचे, हे नियम करणाऱ्याच्या इतिहासविषयक मतानुसार ठरते. म्हणून तोफखान्याचा नियम हा एका दृष्टीने संक्षिप्त स्वरूपातील इतिहासलेखनच होय. मराठ्यांच्या तोफखान्याच्या बाबतीत याचा प्रत्यय विशेषत्वाने येतो. १८०३ व १८१७ मधील लढायांत मराठ्यांच्या तोफा मोठ्या संख्येने शत्रूच्या हाती पडल्या. त्यावरून तो तोफखानाच निकृष्ट होता, असा निष्कर्ष काढला गेला व तो खेळाच्या नियमांतही उतरला. मात्र लढायांचा तपशील पाहता हा निष्कर्ष टिकत नाही.

प्रारंभ : सैन्याच्या अंगांचे सोंगट्यांच्या रूपाने प्रतिनिधित्व करण्याची कल्पना भारतात फार जुनी आहे. चतुरंगात हत्ती, घोडा, रथ व पदाती ही चार अंगे होती. तोफेचा उदय नंतरचा असल्याने तीत तिला स्थान नव्हते. आधुनिक युद्धखेळाचा आरंभ अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन प्रदेशांत झाला. ब्रन्सविक येथील गणितज्ञ योहान क्रिस्त्यान लूटव्हिख हेल्‌व्हिख याने १७८० मध्ये बुद्धिबळाचा पट विस्तारून निरनिराळ्या रंगांच्या घरांनी भूप्रदेश दर्शविला आणि पायदळ व घोडदळाबरोबर तोफखान्याच्याही सोंगट्या योजिल्या. या टप्प्यात तोफ ही दुरून मारा करणारी एक सोंगटी होती. माऱ्याचा परिणाम निश्चित असे. त्यात योगायोगाला वाव नव्हता.

प्रशियातील गेओर्ग लेओपोल्ट फोन राइसविट्स याने १८१२ मध्ये राजा तिसरा फ्रीड्रिख व्हिल्हेल्म यास भूप्रदेशाच्या सुट्या चौकोनी तुकड्यांनी मांडावयाचा खेळ सादर केला. त्याचा मुलगा धाकटा राइसविट्स हा स्वतः तोफखान्यातील अधिकारी होता. त्याने १८२४ मध्ये १ : ८,००० प्रमाणाच्या नकाशांवर खेळावयाचे नियम प्रसिद्ध केले. त्यात प्रत्येक डाव दोन मिनिटांच्या कालावधीएवढा मानलेला असून दोन्ही पक्षांवर पंच नेमलेला असे. तोफमाऱ्याची हानी ठरविण्यासाठी त्याने अंतर व गोळ्याचा प्रकार यांनुसार कोष्टके तयार केली. त्यांस शार्नहोर्स्ट याने नोंदविलेल्या चाचणी-गोळीबाराच्या निष्कर्षांचा आधार होता. फाशावर चांगला किंवा वाईट परिणाम ठरे व कोष्टकातील त्या रकान्याप्रमाणे हानी मोजली जाई. अशा रीतीने मोजमाप आणि योगायोग या दोन्हींना प्रथमच एकत्र स्थान मिळाले. सेनाधिकारी म्यूफलिंग याने या खेळाची प्रशियन सैन्यास शिफारस केली. पुढे १८७६ मध्ये यूलियस फोन व्हेर्डी द्यू व्हेर्न्वा याने कोष्टकांचे जंजाळ कमी करून अनुभवी पंचाच्या निर्णयावर भर देणारी पद्धती पुरस्कारिली. कोष्टकांची काटेकोरी आणि जाणत्याचा निर्णय यांमधील हा ताण पुढील सर्व नियमांत टिकून राहिला.

लघुप्रतिकृतींचा खेळ : युद्धखेळ सैनिकी शिक्षणाबाहेर, छंद म्हणून रुजविण्याचे श्रेय मुख्यतः इंग्रज लेखक एच्. जी. वेल्स याच्या ‘लिट्ल वॉर्स’ (१९१३) या पुस्तकाला दिले जाते. वेल्सच्या खेळात तोफेचा मारा फाशांवर ठरत नसे. स्प्रिंगने लाकडी गोळी उडविणाऱ्या खेळण्यातील तोफेने शिशाच्या शिपायांवर प्रत्यक्ष नेम धरावा लागे. त्याच्या नियमांतील अधिक महत्त्वाचा भाग मात्र वेगळाच होता. तोफेपासून सहा इंचांच्या आत तिच्या पक्षाचे किमान चार शिपाई असल्याखेरीज ती हलविता अथवा डागता येत नसे. एका डावात तोफ हलवावी किंवा डागावी, दोन्ही नव्हे, असे बंधन होते. सहा इंचांच्या आत मूळ पक्षाचा एकही शिपाई उरलेला नसेल आणि शत्रूचे किमान चार शिपाई तिच्या चाकांच्या आसापलीकडे गेले असतील, तर ती हस्तगत झाली असे मानीत. तोफ म्हणजे धातूची नळी नव्हे, तर ती चालविणारी माणसे, हे तत्त्व येथे प्रथम साध्या शब्दांत नियमबद्ध झाले.

महाराष्ट्रात दिवाळीच्या सुमारास मुले मातीचा किल्ला करून त्यावर मावळे व तोफा मांडतात. त्यात मांडणी असते, परंतु चाल व मारा यांचे नियम नसतात. या परंपरेस युद्धखेळ म्हणता येत नसले, तरी भूप्रदेश व सैन्य यांची प्रतिकृती उभारण्याची हौस दोहोंत समान आहे.

नियमांतील स्थित्यंतरे : दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंड व अमेरिकेत हा छंद वाढला. डॉनल्ड फेदरस्टोन याचे ‘वॉर गेम्स’ (१९६२), पीटर यंग व जेम्स लॉफर्ड यांचे ‘चार्ज!’ (१९६७) व चार्ल्स ग्रँट याचे ‘द वॉर गेम’ (१९७१) ही पुस्तके या काळात मान्यता पावली. स्प्रिंगच्या तोफेची जागा फासे व मोजपट्टी यांनी घेतली. नियम करणाऱ्यांनी आता गोळ्याच्या प्रत्यक्ष गतीकडे लक्ष दिले. भरीव लोखंडी गोळा सुरुवातीस सैनिकांच्या डोक्यांवरून जातो, जमिनीवर आपटतो आणि उसळ्या घेत पुढे जातो. म्हणून एका पट्टीवर निर्धोक उड्डाणाचा आणि उसळ्यांचा टप्पा रंगवून, उसळीच्या टप्प्यात सापडलेल्यांचीच हानी मोजण्याची रीत आली. कॅनिस्टर म्हणजे छर्ऱ्यांनी भरलेला पत्र्याचा डबा. तो तोफेच्या तोंडापासून पसरत जात असल्याने त्याच्यासाठी शंकूच्या आकाराचा साचा वापरीत. गुळगुळीत नळीच्या मैदानी तोफेतून छर्ऱ्यांचा प्रभाव साधारणतः तीनशे यार्डांच्या आत, तर गोळ्याचा सु. सहाशे ते आठशे यार्डांपर्यंत धरला जाई. बंदुकीचा परिणामकारक पल्ला जेमतेम शंभर यार्ड होता. त्या मानाने तोफेचे वर्चस्व स्पष्ट आहे.

या तपशिलामुळे खेळ वास्तव वाटू लागला. परंतु तोफखाना अवास्तव प्राणघातक ठरू लागला. चाचणीच्या वेळी लक्ष्य स्थिर असते, धूर नसतो व गोलंदाजांवर कोणी उलट मारा करीत नाही. मेजर जनरल बी. पी. ह्यूझ याने ‘फायरपॉवर’ (१९७४) या ग्रंथात चाचणीतील व रणांगणावरील परिणामांची तुलना करून दुसरा आकडा पहिल्यापेक्षा पुष्कळ कमी असल्याचे दाखविले. त्यानंतरच्या नियमांत हळूहळू दोन बदल झाले. पहिला, ठार झालेल्यांची संख्या घटविण्यात आली. दुसरा, माऱ्याने पलटणीत माजणारी अव्यवस्था व खचणारे मनोधैर्य यांस प्राधान्य मिळाले. शेवटच्या गोळ्यापर्यंत हिशेब ठेवण्याऐवजी संपूर्ण तोफांच्या तुकडीचा एकत्रित परिणाम फाशांनी ठरविणारी सुटसुटीत पद्धतीही रूढ झाली. १९९० मधील ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ आणि २००९ मधील ‘ब्लॅक पावडर’ ही या सुलभीकरणाची परिचित उदाहरणे होत.

याच काळात दुसराही एक प्रघात पडला. १९७० नंतरच्या अनेक नियमपुस्तकांत प्रत्येक राष्ट्राच्या सैन्याला गुणांक दिलेला असे. नेपोलियनच्या काळातील यूरोपीय सैन्यांसाठी ते बारकाईने ठरविले जात. आशियाई सैन्यांना मात्र एकंदरीने ‘अनियमित’ ठरवून खालची प्रत देण्याकडे कल असे. मराठ्यांचा तोफखाना या ढोबळ वर्गीकरणात सापडला. म्हणून त्याच्या प्रत्यक्ष लढायांची छाननी करणे आवश्यक ठरते.

मराठ्यांचा तोफखाना : पेशव्यांच्या तोफखान्याची व्यवस्था पानसे घराण्याकडे होती. पानिपतच्या लढाईत (१७६१) इब्राहिमखान गारदी याच्या शिस्तबद्ध पायदळाने व तोफांनी पराक्रम गाजविला. तथापि जड तोफा हलविणे कठीण, हा दोषही त्याच लढाईत उघड झाला. त्यानंतर महादजी शिंदे यांनी दि बॉइन याच्याकरवी कवायती कंपू उभारले आणि सँगस्टर या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली आग्रा येथे तोफा ओतण्याचे काम चालविले. या कंपूंच्या तोफा हलक्या, यूरोपीय धर्तीच्या गाड्यांवर बसविलेल्या व पलटणींना जोडलेल्या होत्या. नागपूरकर भोसल्यांचे तोफदळ याच्या मानाने कमी संघटित होते. म्हणजे ‘मराठा तोफखाना’ असा एकच गुणांक देणे मुळातच चुकीचे आहे. शिंद्यांच्या कंपूच्या तोफा व अन्य सरदारांच्या तोफा यांत भेद करणे क्रमप्राप्त आहे.

असईची लढाई : २३ सप्टेंबर १८०३ रोजी सध्याच्या जालना जिल्ह्यात, केळणा व जुई या नद्यांच्या दुआबात असईची लढाई झाली. आर्थर वेलस्ली याच्याजवळ प्रत्यक्ष रणरेषेत उतरलेले सु. ४,५०० नियमित सैन्य होते. म्हैसूरचे व मराठी घोडदळ वेगळे. समोर दौलतराव शिंदे व दुसरे रघूजी भोसले यांच्या फौजा होत्या. त्यांतील कवायती कंपूंचे नेतृत्व हॅनोव्हरचा पोलमन करीत होता. शिंद्यांच्या तोफा सु. शंभर होत्या. वेलस्ली नदी ओलांडून बगलेवर येताच पोलमनने आपली सर्व रांग काटकोनात फिरवून नवीन तोंड धरले. तोफांसह अशी हालचाल करणे हे उत्तम कवायतीचे लक्षण असून, ‘अनियमित’ प्रतीच्या सैन्यास बहुतेक नियमपुस्तके ती करू देत नाहीत.

यानंतर मराठी तोफांनी इंग्रजांच्या तोफांचे गोलंदाज व ओढीचे बैल इतक्या संख्येने मारले, की त्या तोफा मागे सोडून पायदळास पुढे जावे लागले. असई गावाकडे भरकटलेल्या चौऱ्याहत्तराव्या हायलँडर पलटणीची छर्ऱ्यांनी जवळजवळ वाताहत झाली. उजव्या अंगाला ही स्थिती असता डाव्या अंगाचे इंग्रज पायदळ तोफांच्या रांगेत घुसले. तेव्हा काही गोलंदाज तोफांखाली मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले. शत्रूची रांग पुढे निघून गेल्यावर त्यांनी उठून तोफा वळविल्या व पाठीमागून मारा सुरू केला. त्या तोफा पुन्हा जिंकून घेण्यासाठी वेलस्लीला एक हायलँडर पलटण व घोडदळ परत फिरवावे लागले. अनेक गोलंदाज आपल्या तोफांजवळच मारले गेले. इंग्रजांकडील ४२८ ठार, १,१३८ जखमी व १८ बेपत्ता, अशी एकूण १,५८४ हानी नोंदलेली आहे. यातील मोठा भाग तोफांच्या माऱ्याचा होता. वेलस्ली पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाल्यावरही या लढाईला आपल्या सर्वांत कठीण लढायांत गणीत असे.

रॅन्डॉल्फ कूपर याच्या इंग्रज-मराठा मोहिमांवरील ग्रंथाने (२००३) या तोफखान्याचे साहित्य, कवायत व मारा कंपनीच्या तोडीचे होते, किंबहुना काही बाबतींत सरस होते, हे साधार मांडले. कूपरच्या मते पराभवाची कारणे तोफखान्यात नसून कंपूंतील यूरोपीय अधिकाऱ्यांची फितुरी, पैशाची तंगी व एकमुखी नेतृत्वाचा अभाव यांत शोधावयास हवीत. यूरोपीय अधिकाऱ्यांपैकी कित्येकांनी युद्धापूर्वी व युद्धाच्या ओघात शिंद्यांची चाकरी सोडली होती. शिंदे व भोसले हे दोघेही लढाई रंगात येण्यापूर्वीच रणांगण सोडून गेले होते.

नियमांना असईच्या वर्णनावरून चार कसोट्या लावता येतात. पहिली, तोफ, गोलंदाज व ओढीची जनावरे यांची हानी स्वतंत्रपणे मोजली जाते काय? तशी सोय नसेल, तर इंग्रजांच्या तोफा जागच्या जागी निरुपयोगी झाल्याची घटना मेजावर घडूच शकत नाही. दुसरी, तोफांच्या रांगेतून शत्रू पार झाला एवढ्याने ती निकामी मानली जाते काय? बहुतेक नियमांत तशी ती उचलून बाजूला ठेवतात. वेल्सच्या नियमानेही चार शिपाई आसापलीकडे गेल्यावर ती हस्तगत ठरली असती. असईचा अनुभव याच्या उलट आहे. तोफ खऱ्या अर्थाने निकामी करावयाची, तर तिच्या कान्यात खिळा ठोकावा लागतो किंवा तिच्यावर पहारा ठेवावा लागतो. आणि त्यासाठी माणसे व वेळ खर्ची पडतात. तिसरी, गोलंदाजांचे मनोधैर्य लगतच्या पायदळाहून वेगळे मोजता येते काय? असईत पायदळ हटल्यावरही गोलंदाज जागा सोडीत नव्हते. चौथी, सेनापतीच्या नेतृत्वातील उणीव तोफखान्याच्या गुणांकात मिसळली जात नाही ना? या चारही कसोट्यांना उतरणारे नियम योजिल्यास लढाईचा निकाल बदलतोच असे नाही. परंतु विजयाची भारी किंमत मेजावर दिसू लागते.

अडगाव व सीताबर्डी : असईनंतर दोन महिन्यांनी, २९ नोव्हेंबर १८०३ रोजी वऱ्हाडातील अडगाव (सध्याचा अकोला जिल्हा) येथे भोसल्यांचे बंधू व्यंकोजी यांच्या फौजेशी व शिंद्यांच्या घोडदळाशी वेलस्लीची गाठ पडली. मराठी तोफांनी मारा सुरू करताच असईत शौर्याने लढलेल्या कंपनीच्या तीन पलटणी मागे पळाल्या. वेलस्लीला स्वतः पुढे होऊन त्यांची जुळवाजुळव करावी लागली. अखेरीस इंग्रजांची हानी साडेतीनशेच्या आसपासच राहिली आणि ३८ तोफा त्यांच्या हाती आल्या. प्राणहानी थोडी असताना पलटणी मोडणे, हे तोफेच्या मानसिक परिणामाचे उत्कृष्ट उदाहरण आहे. केवळ मृतांची संख्या मोजणाऱ्या जुन्या नियमांना ते दाखविता येत नाही. मनोधैर्यावर आधारलेल्या नव्या नियमांना ते सहज दाखविता येते.

नागपूरजवळील सीताबर्डी येथे २६–२७ नोव्हेंबर १८१७ रोजी अप्पासाहेब भोसले यांच्या फौजेने इंग्रज रेसिडेन्सीच्या रक्षणासाठी दोन टेकड्यांवर मांडलेल्या सु. १,३०० शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी सकाळी लहान टेकडीवरील दारूगोळ्याच्या गाडीचा स्फोट झाला. त्या गोंधळात भोसल्यांच्या अरब शिपायांनी ती टेकडी जिंकली व तेथील तोफ मोठ्या टेकडीकडे वळविली. पुढे कॅप्टन फिट्सजेरल्ड याच्या घोडदळाने व प्रतिहल्ल्याने पारडे फिरले. येथे नियमांच्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षणीय आहेत : दारूगोळ्याची गाडी हे स्वतंत्र लक्ष्य असते आणि हस्तगत केलेली तोफ ताबडतोब शत्रूवर वळविता येते. त्यासाठी जिंकणाऱ्यांत तोफ चालविणे जाणणारी माणसे असावी लागतात, ही अट रास्त होय.

गोंदिया परिसर : सध्याचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनाने अस्तित्वात आला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत असे. त्यातील मोठा भाग जमीनदारांकडे होता. अप्पासाहेबांच्या पाडावानंतर १८१८ मध्ये गोंदियाजवळील कामठा येथील जमीनदार चिमणा पटेल याने त्यांचा पक्ष घेऊन उठाव केला. कॅप्टन गॉर्डन याच्या तुकडीने कामठ्याची गढी घेऊन तो मोडला. (हे कामठा नागपूरजवळील कामठी छावणीहून वेगळे.) असई किंवा अडगावप्रमाणे येथे शंभर तोफांची रांग नव्हती, जंगल, गढी व लहान तुकड्या हे या भागातील युद्धाचे स्वरूप होते. मोजक्या सैनिकांच्या चकमकींसाठी केलेले नियम त्याला अधिक जुळतात.

या परिसरात जमिनीच्या नियमाचे महत्त्वही स्पष्ट होते. वैनगंगा व बाघ नद्यांचा हा प्रदेश भाताच्या बांध्यांचा व तलावांचा आहे. नवेगाव बांध, बोदलकसा, चोरखमारा हे येथील प्रसिद्ध तलाव होत. पावसाळ्यात चिखलणीच्या बांध्यांत भरीव गोळा उसळी न घेता रुतून बसतो. यूरोपातील कठीण मैदानांसाठी आखलेल्या पट्टीवरील उसळीचा टप्पा तेथे गाळावाच लागतो. वॉटर्लूच्या लढाईतही (१८१५) आदल्या रात्रीच्या पावसाने भिजलेल्या जमिनीमुळे गोळ्यांची उसळी घटली होती. भाताची धुरे पायदळास आडोसा देतात. तलावांच्या पाळी व त्यांवरील वाटा सोडल्या तर तोफगाडा नेण्यास दुसरा मार्ग क्वचितच मिळतो. पीक निघाल्यानंतर, उन्हाळ्यात, तीच जमीन टणक होऊन नियम पुन्हा बदलतात. म्हणजे तोफेची प्रत एकच असूनही ऋतुमानाप्रमाणे तिचा प्रभाव निराळा धरावा लागतो.

मूल्यमापन : युद्धखेळ हा इतिहासाचा पुरावा नव्हे. फाशावर पडलेल्या आकड्याने कोणतेही ऐतिहासिक विधान सिद्ध होत नाही. तथापि नियम लिहिताना प्रत्येक गृहीतास आकडा द्यावा लागत असल्याने, ग्रंथांत मोघम राहणारी विधाने येथे तपासली जातात. मराठ्यांचा तोफखाना ‘निकृष्ट’ होता असे लिहिणे सोपे आहे. परंतु त्या गृहीतावर असईची लढाई मांडली, तर इंग्रजांची दीड हजारांवर हानी कशी झाली, याचा उलगडा होत नाही. उलट तोफखान्याला योग्य प्रत देऊन नेतृत्व व समन्वय यांस कमी गुणांक दिल्यास घडलेला निकाल व त्याची किंमत ही दोन्ही समजू शकतात. या दृष्टीने तोफांचा त्याग न करता त्यांच्याजवळ प्राण देणाऱ्या गोलंदाजांच्या कामगिरीचे यथार्थ मूल्यमापन होण्यास नियमांतील हे बदल साहाय्यभूत ठरले आहेत.